राणीछाप रुपयाची आंघोळ

घर बदलताना माणसानं एक काळजी जरूर घ्यावी. मोलाची वस्तू फार सुरक्षित जागी ठेवू नये. मी ठेवली, आणि त्यापुढचे पाच महिने कसे गेले ते सांगतो.

नागपूरच्या धरमपेठेतलं भाड्याचं घर सोडून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये यायचं ठरलं, तेव्हा आमच्या सामानाचे एकूण त्रेसष्ट डबे आणि खोकी झाली. प्रत्येकावर मी नंबर टाकला, वहीत यादी केली, यादीची झेरॉक्स काढली. एकतीस वर्षं सरकारी लेखा-तपासणीत काढलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा असतेच. फक्त एका डब्यावर मी मुद्दाम काही लिहिलं नाही. तो शिकेकाईचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात आमच्या घराण्याचा राणीछाप रुपया होता. चोराला संशय येऊ नये, ही त्यामागची योजना. चोराला तो आला नाही. माझ्या बायकोलाही आला नाही, आणि तिनं तो डबा भंगारवाल्याला देऊन टाकला.

"मी हलवून पाहिला होता," देवकी म्हणाली, "काही वाजलं नाही."

वाजणार कसा? रुपया लाल कापडाच्या शिवलेल्या पिशवीत होता आणि पिशवीभोवती मी स्वतःच्या हातानं कापूस गुंडाळला होता. माझ्या कामात कसूर नव्हती हे या प्रसंगीही नोंदवून ठेवतो.

या रुपयाला आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला दुधाची आंघोळ असते. त्याचे तीन नियम आहेत. रुपयाला हात लावायचा मान फक्त घरच्या लेकीचा. घरच्या पुरुषांनी आणि सुनांनी लांबून नमस्कार करायचा. दुसरा नियम, रुपया घासायचा नाही. चिंच नाही, पितांबरी नाही, वरून दूध सोडायचं आणि मऊ धोतराच्या फडक्यानं टिपायचं. आणि एकदा पिशवीत गेला की ती शिवून टाकायची, ती पुढच्या दिवाळीलाच उसवायची. हे नियम भोसल्यांच्या काळापासूनचे आहेत असं मी पाहुण्यांना सांगत असे. हा रुपया भोसल्यांचं राज्य गेल्यानंतरचा आहे, हे आजवर एकाही पाहुण्यानं लक्षात आणून दिलं नाही.

घरची लेक म्हणजे यमुताई, माझी मोठी बहीण. वय शहात्तर. ती धरमपेठेतच मुलाकडे राहते आणि दर लक्ष्मीपूजनाला दुपारी चार वाजता आमच्याकडे हजर होते. आई गेली तेव्हा आम्ही दोघंही उशाशी होतो. आई यमुताईला म्हणाली, "यमू, रुपयाकडे लक्ष ठेव." मला काहीच म्हणाली नाही. ते मला लागलं होतं, अजूनही लागतं. त्यामुळे रुपया माझ्या घरी, माझ्या हातून गेला हे यमुताईला सांगायचं, हा विचारच मला सहन होईना.

"सांगून टाका ना," देवकी म्हणाली. "त्या काही खाणार नाहीत तुम्हाला."

बायकोच्या माहेरी भांडी हरवत असतील आणि लोक हसत असतील. आमच्याकडे तसं नाही. मी ठरवलं, दिवाळीच्या आत तसाच दुसरा रुपया आणायचा, अस्सल आणायचा, आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

कळलं सगळ्यात आधी समोरच्या रुपरावजींना. हे मूळचे पारशिवनीचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. भंगारवाल्याला शोधत मी तीन दिवस उन्हात फिरत होतो, ते त्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं.

"मुकुंदराव, काहून एवढे फिरून राहिले जी उन्हातानात? भंगारवाल्याचं काही देणं लागता काय?"

मी त्यांना सांगितलं. कोणाला सांगू नका असंही सांगितलं. त्यांनी तिथूनच सुनेला हाक मारली, "वैभवी, इकडे ये वं. काकाजीचा रुपया हरपला."

वैभवी घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते. तिनं माझ्या मोबाइलमध्ये जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं एक ॲप टाकून दिलं. त्यात राणीछाप रुपये ढिगानं होते. "पण सांभाळून हं काका," ती म्हणाली, "यात अर्धे तर डुप्लिकेटच असतात."

डुप्लिकेट हा शब्द ऐकला आणि निवृत्तीनंतर प्रथमच माझ्या अंगात तरतरी आली. आयुष्यभर मी दुसऱ्यांची खोटी बिलं पकडली होती. मी दोनशे पानी वही आणली. नाणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरलो आणि पंधरा दिवसांत तयार झालो. अस्सल रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वर हवं. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. कडेच्या रेघा सारख्या आणि स्वच्छ हव्यात. फरशीवर टाकला तर घंटेसारखा वाजायला हवा. भाव फार कमी असेल तर घ्यायचा नाही. आणि जुनं नाणं कधीही घासायचं नाही, घासलं की त्याची किंमत गेली. हे शेवटचं वाचून माझा ऊर भरून आला. आई चौथी शिकलेली होती, पण ही गोष्ट तिला या सगळ्या तज्ज्ञांच्या आधी कळली होती. मी ग्रुपवर तसं लिहिलंही. सतरा जणांनी हात जोडले.

आमच्या रुपयाची माहिती मात्र मला फार नव्हती, कारण तो मी कधी हातात घेतलाच नव्हता. दिवाळीतला एक जुना फोटो होता. त्यात रुपया हळदकुंकवाखाली पुरता बुडालेला, पण भिंग लावल्यावर १८९२ हे साल दिसलं. मी १८९२चा शोध घेतला आणि पहिल्याच दिवशी एक सापडला. भाव कमी होता, म्हणजे माझ्याच वहीप्रमाणे तो घ्यायला नको होता. पण विकणारा इथलाच, इतवारीतला होता. फसवलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल, असा मी विचार केला. दुसरा विकणारा कलकत्त्याचा होता, त्याच्या दारात कोण जातं?

इतवारीहून मनीषनगर स्कूटरनं अर्ध्या तासाचं. माझं पार्सल इतवारीहून भिवंडीला गेलं, तिथे चार दिवस राहिलं आणि नवव्या दिवशी परत नागपूरला आलं. फोनवर मी त्याचा प्रवास बघत होतो. मी स्वतः उभ्या आयुष्यात भिवंडीला गेलेलो नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा असतो, नाहीतर तक्रार चालत नाही, हे माझ्या वहीत होतंच. मी इस्त्रीचा शर्ट घातला. वैभवीनं मोबाइल धरला, रुपरावजी साक्षीदार म्हणून सोफ्यावर बसले, देवकी आमच्यात नाही असं दाखवत भाजी निवडत बसली.

"आज दिनांक अमुक, वेळ सकाळी अकरा," मी सुरुवात केली.

"भाषण कमी करा न जी, बॅटरी जाते तिची," रुपरावजी म्हणाले.

रुपया बाहेर काढला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं नऊ ग्रॅम. मी काटा कॅमेऱ्याकडे वळवला. मग फ्रिजच्या दारावर आमचा लोहचुंबकाचा गणपती आहे, त्याच्याजवळ रुपया नेला. राणी माझ्या बोटांतून सुटली आणि टपकन गणपतीला जाऊन चिकटली. कडेच्या रेघांत लाल रंग भरलेला होता, तो जुनेपण दाखवण्यासाठी मुद्दाम लावलेला असणार हे मी कॅमेऱ्याला समजावून सांगितलं. राणीचं नाक बसकं होतं आणि हनुवटीखाली टोचल्यासारखा एक खड्डा होता. शेवटी मी तो फरशीवर टाकला. आवाज आला, टप. भाजीतला बटाटा पडला असता तर याहून बरा वाजला असता.

"दाताले देऊन पाहा," रुपरावजी म्हणाले. "मी पाहिलं असतं, पण माह्ये आता दात बी डुप्लिकेट हायेत."

खोटा रुपया पकडल्याचा मला इतका आनंद झाला की खरा अजून मिळायचाच आहे हे दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

तक्रार घ्यायला ॲपवर खुशी नावाची कोणी होती. ती माणूस होती की यंत्र, ते मला आजही माहीत नाही. मी तिला अकरा मुद्द्यांचं निवेदन पाठवलं. खुशीनं लिहिलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. वस्तूचा रंग आवडला नाही का?" मी पुन्हा अकरा मुद्दे पाठवले. तिनं विचारलं, "माप लहान झालं का?" असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिनं व्हिडिओ पाहिला असावा, कारण तिनं रुपया परत पाठवायला सांगितलं.

परत पाठवायला मी कुरिअरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?"

"रुपया."

"कॅश चालत नाही साहेब."

"अहो, खोटा रुपया आहे."

त्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "मग तर बिलकुलच नाही चालत. पोलीस केस होते ना."

मी त्याला पुराणवस्तू, संग्राहक, राणी व्हिक्टोरिया हे सगळं सांगितलं. मागे रांग वाढत होती. रांगेतल्या एका बाईनं विचारलं की मी खोट्या नोटा पण चालवतो का. शेवटी फॉर्मवर 'धातूची चकती, नग एक, शोभेची' असं लिहून पाकीट गेलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं कागदावर खरं लिहिलं, त्याच्यावर ही वेळ आली.

आठवड्यानं पैसे परत आले. शिवाय ॲपवर माझ्या नावापुढे 'जागरूक ग्राहक' असा हिरवा बिल्ला लागला. मी तो देवकीला दाखवला. ती म्हणाली, "दिवाळीला बारा दिवस राहिलेत."

मग मी कलकत्त्याकडे वळलो. या खेपेला भावाकडे पाहिलं नाही, आणि तो किती होता हे मी देवकीलाही सांगितलेलं नाही. १८९२चा रुपया, तज्ज्ञांनी तपासलेला, प्रमाणपत्रासह. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तो आला. जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद होता आणि डबीवर स्पष्ट लिहिलं होतं की सील तोडल्यास नाण्याच्या अस्सलपणाची हमी राहणार नाही.

देवकीनं डबी उलटसुलट करून पाहिली. "डबीतल्या राणीला आंघोळ कशी घालायची?"

हा मुद्दा माझ्या दोनशे पानी वहीत नव्हता. दोन दिवस मी ती डबी समोर ठेवून विचार केला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रुपरावजी पकड घेऊन आले. "हमी राणीची हाय का डबीची? राणी तर तेच राहते न," ते म्हणाले आणि त्यांनी डबी फोडली. प्लॅस्टिकचा तुकडा टीव्हीमागे गेला, प्रमाणपत्र निरुपयोगी झालं आणि रुपया माझ्या हातात आला. वजन बरोबर. गणपतीला चिकटला नाही. फरशीवर टाकला तर खोलीभर आवाज भरला. देवकीनं जुन्या ब्लाउजपीसची लाल पिशवी शिवून तयार ठेवली होती. जुनी उंदरानं कुरतडली, असं सांगायचं ठरलं. यमुताईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं, तेवढा आधार होता.

चार वाजता यमुताई आली. पिशवीकडे एकदा पाहून ती थेट पाटाकडे गेली. उंदराचं वाक्य मी तीनदा म्हणून पाहिलं होतं, ते वाया गेलं. पाटावर बसून तिनं पिशवी उसवली आणि रुपया न बघताच, नेहमीच्या सवयीनं, ताम्हनात सोडला.

ठण्ण.

यमुताईचा दुधाच्या वाटीकडे गेलेला हात तिथेच थांबला. तिनं रुपया उचलला आणि पुन्हा सोडला. पुन्हा तोच आवाज. मला वाटलं होतं की इतक्या सुंदर आवाजावर कोणी काय आक्षेप घेणार?

"मुकुंदा," ती म्हणाली, "हा कोणाचा रुपया आहे?"

"आपलाच."

"आपला वाजत नाही रे."

मग मी सगळं सांगितलं. शिकेकाईचा डबा, कापूस, भंगारवाला. देवकीनं मधेच, डबा मी दिला, असं कबूल केलं, तो तिचा मोठेपणा. यमुताई रागावेल, याची माझी तयारी होती. ती रागावली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे तो गेला," ती म्हणाली.

"पण ताई, हा अस्सल आहे. चांदीचा आहे. सकाळपर्यंत प्रमाणपत्र पण होतं."

"अस्सलाचं मी काय करू? अस्सल तर मीच पासष्ट वर्षांपूर्वी फुटाळ्यात घालवला."

ती अकरा वर्षांची होती. मैत्रिणींना दाखवायला म्हणून तिनं देवघरातून रुपया नेला आणि फुटाळा तलावाच्या काठावर तो तिच्या हातून निसटून पाण्यात गेला. घरी सांगायची हिंमत नव्हती. महाल भागात नाटकाचं सामान भाड्यानं देणारा एक दुकानदार होता. भाऊबीजेला मिळालेले पैसे देऊन तिनं त्याच्याकडून नाटकातला खोटा रुपया घेतला, राजाच्या अंगरख्यावर शिवायचा, आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला. खऱ्यावर कोणतं साल होतं ते तिलाही आठवत नव्हतं.

"पुढच्या दिवाळीला आईनं आंघोळ घालायला हातात घेतला," यमुताई म्हणाली. "खूप वेळ पाहून राहिली. मी दाराआड उभी. मला वाटलं, आता मार बसते. तर ती बाबांना म्हणाली, आजपासून रुपयाला यमूच आंघोळ घालेल, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि मला म्हणाली, घासू नको हं यमू, नुसतं दूध सोड."

घासला असता तर मुलामा निघाला असता.

"मग आईला माहीत होतं?"

"आईला सगळं माहीत असायचं. पण मला ती एका शब्दानं बोलली नाही. जाताना तेवढं म्हणाली."

 भोसल्यांच्या काळापासूनचे म्हणून मी सांगत आलो ते तिन्ही नियम आईनं एका अकरा वर्षांच्या पोरीला मार बसू नये म्हणून केले होते. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. आईच्या उशाशी ऐकलेल्या ज्या वाक्याचा मी इतकी वर्षं हेवा केला, ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच, आणि त्याची मला लाज वाटली.

यमुताईनं डोळे पुसले. "कसा होता माहीत आहे? बसक्या नाकाची होती बिचारी राणी. आणि हनुवटीखाली टोचा होता, अंगरख्याला शिवायला मारलेला, अर्धवटच राहिलेला."

देवकी माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाइल काढला.  व्हिडिओत मी इस्त्रीच्या शर्टात उभा होतो आणि फार बोलत होतो. यमुताईनं ऑपरेशन झालेला डोळा स्क्रीनजवळ नेला. राणी गणपतीला चिकटली, तिथे तिनं थांबवायला सांगितलं.

"कडेला लाल आहे ते माझं कुंकू आहे," ती म्हणाली. "पासष्ट वर्षांचं."

देवकी शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्ही आपलाच रुपया विकत घेतला आणि परत केला."

"पुराव्यानिशी," मी म्हणालो. 

लक्ष्मीची पूजा त्या दिवशी अस्सल रुपयावर भागवली. मी लगेच खुशीला लिहिलं की ती वस्तू मला परत हवी आहे. तिनं तत्काळ उत्तर दिलं, "आपण दिलेल्या पुराव्यांनुसार ही वस्तू बनावट असल्यानं आम्ही ती विक्रीतून काढली आहे. आमच्याकडे बनावट वस्तू मिळत नाहीत. जागरूक राहिल्याबद्दल धन्यवाद." मी लिहिलं की मला बनावटच हवी आहे. तिनं मला पोलीस तक्रारीचा नंबर पाठवला आणि बिल्ला काढून घेतला.

"यंदा भाऊबीजेला मला साडी नको," यमुताई म्हणाली. "इतवारीला चल."

भाऊबीजेच्या सकाळी तिला स्कूटरवर मागे बसवून मी इतवारीत गेलो. पाकिटावरच्या पत्त्यावर एक अरुंद दुकान होतं, पितळेची भांडी, जुनी घड्याळं, नाणी. मी हेल्मेट काढलं नाही. माझा व्हिडिओ त्या माणसानं पाहिला असणार. दुकानदाराचं नाव केशव, असं पाटीवर होतं. यमुताईनं त्याच्याकडे बसक्या नाकाच्या राणीचा रुपया मागितला.

"तो रुपया मी तुमाले विकू नाही शकत आजीबाई," तो म्हणाला. "खोटा हाय तो. मी भंगारातून डब्यासकट किलोनं घेतला होता, मलेच मालूम नव्हतं. एका साहेबानं पूर्ण पिक्चर काढून धाडला. काटा काय, लोहचुंबक काय. माझी दुकानदारी महिनाभर बंद केली ॲपवाल्यानं."

"कसा होता हो तो माणूस?" यमुताईनं विचारलं. हे विचारायची काही गरज नव्हती.

"पुरा कटकट्या."

मी एका घड्याळाचा पट्टा बारकाईनं पाहत उभा राहिलो. हेल्मेटमध्ये फार उकडत होतं.

केशवनं खण उघडून रुपया काढला. यमुताईनं तो काउंटरवर सोडला. टप. तिचा चेहरा इतका उजळला की केशव माझ्याकडे पाहायला लागला, आजीबाई ठीक आहेत ना अशा नजरेनं. पैसे त्यानं घेतले नाहीत. खोट्याचे पैसे कसे घेऊ, असं म्हणाला. यमुताईनं पिशवीतून घरच्या चिवड्याचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. मी फोनवरून त्याच्या दुकानाबद्दलची माझी तक्रार मागे घेतली. त्याचं कारण विचारलं होतं, मी 'रंग आवडला' असं लिहिलं.

संध्याकाळी यमुताईनं मला ओवाळलं आणि मी तबकात तो रुपया घातला. पूजेच्या दिवशी राहिलेली आंघोळ तिनं त्याला तेव्हा घातली, न घासता, आणि पिशवी शिवून टाकली. पिशवी आता तिनं स्वतःकडे धरमपेठेला नेली आहे. मी हरकत घेतली नाही.

अस्सल रुपया आमच्याकडे टीव्हीशेजारी वाटीत असतो. त्याला कोणीही हात लावला तरी चालतं.